‘चवचाल’ म्हणण्यापूर्वी

सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. मी म्हणते, कोनाडे झाडायचे ते दिवाळीतच!

आमच्या वाड्यातील एका मुलीला सारी आळी ‘चवचाल’ म्हणे. मीही म्हटले आहे. आठव्या वर्षी घरातल्याच एका वडीलधाऱ्याने तिची काय दशा केली, हे पुढे तिच्याच तोंडून ऐकले आणि माझी मान खाली गेली.

अशा काही मुलांना मोठेपणी देह देणे हीच माया मिळवण्याची रीत वाटते; काहींना वाटते, निदान या खेपेला लगाम माझ्या हाती आहे! ही चैन नव्हे, जखमेचा ठणका आहे. फिंकेलहॉर आणि ब्राउन या संशोधकांनी १९८५ सालीच हे मांडले. प्रत्येक उत्कट कामेच्छेमागे जखमच असते असे नव्हे. पण शिक्का मारण्यापूर्वी विचारायला काय हरकत होती?

‘लग्न लावून द्या, सुधारेल,’ हा उपाय नव्हे. आधी निर्धास्तपणा, मग आठवणींचा शोक, मग माणसांत परतणे, हा क्रम जुडिथ हर्मन यांनी १९९२ साली सांगितला. जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाच्या आधाराने ती मुलगी याच वाटेने गेली. नऊ वर्षे लागली. आज ती स्वस्थ झोपते.

आणि तो वडीलधारा? पाडव्याला सारे घर अजून त्याच्या पाया पडते. आता सांगा, निर्लज्ज कोण?