पूर ओसरल्यावर

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यातील आनंदनगर पुराने वेढले गेले आणि अडकलेल्या ग्रामस्थांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. पाणी ओसरल्यावर घरांचे व पिकांचे पंचनामे होतात. नाल्याकाठच्या झाडाझुडपांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो निसर्ग स्वतःच मांडतो.

वनस्पतिशास्त्रात या पुनर्रचनेस ‘अनुक्रमण’ म्हणतात. जेथे माती व बीज दोन्ही नष्ट होतात, तेथे प्रारंभ शून्यापासून होतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला. तीन वर्षांनंतर तेथे मुख्यतः शैवाल, नेचे व थोड्या सपुष्प वनस्पती आढळल्या. अरण्य उभे राहण्यास अनेक दशके लागली. पुराने किंवा वणव्याने माती शिल्लक ठेवली असेल, तर वाटचाल शीघ्र होते. कारण मातीत बीजे व मुळे जिवंत असतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर मुद्दल शाबूत असते.

महागावच्या परिसरातील वने शुष्क पानझडी. अशा मोकळ्या जमिनीवर प्रथम तरोटा व कुसळी येऊन माती धरून ठेवतात. मागोमाग बोर, बाभूळ, पळस येतात. बाभळीच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. पालापाचोळ्याने माती सकस होत गेली, की धावडा, तेंदू, साग यांना आधार मिळतो. खोड जळाले तरी साग व पळस बुंध्यापासून पुन्हा फुटतात.

परंतु पूर्वीचेच वन परत येईल, असा नियम नाही. अमेरिकेतून आलेले गाजरगवत उघडी जमीन त्वरेने व्यापते व इतर बीजांचे अंकुरण रोखते. अतिचराई आणि दरवर्षीचा वणवा यांनी तर मुद्दलच खर्ची पडते.

जैन विचारात वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव. गृहस्थाला शेती व व्यापार सोडता येत नाही. पण अनावश्यक हिंसा टाळण्याचा विवेक त्याच्या हाती असतो. पुराने खरवडलेला काठ काही वर्षे आगीपासून व चराईपासून राखावा, बांध साफ करण्यासाठी तो पेटवू नये, तणनाशकाचा सरसकट फवारा टाळावा. यास खर्च अल्प, धीर मात्र पुष्कळ लागतो. उपेक्षित तरोट्याने धरलेल्या त्या मातीवरच उद्याचा साग उभा राहणार आहे.