धंद्यासाठी पॉडकास्ट : संघर्षगाथा पुरे, आता गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तर द्या

10 जानेवारी 2025 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा पहिला पॉडकास्ट प्रसिद्ध झाला. ते काय बोलले यावर वाहिन्यांनी दिवसभर चर्चा केली, पण मुलाखत घेणारा कोण होता याकडे फारसे कुणी पाहिले नाही. निखिल कामथ हे पत्रकार नाहीत. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीचे ते सहसंस्थापक आहेत. एक व्यावसायिक स्वतःच्या कार्यक्रमात देशाच्या पंतप्रधानांना बोलावतो आणि त्यासाठी त्याला कोणत्याही संपादकाची परवानगी लागत नाही, ही त्या दिवसाची खरी बातमी होती.

झिरोधा ही काही छोटी कंपनी नाही. तरीही या घटनेनंतर छोट्या धंद्यातल्या माणसांना पॉडकास्टचे वेध लागले आहेत आणि आपला समाजही त्याला अपवाद नाही. उद्योजक मेळाव्यात एका कोपऱ्यात दोन खुर्च्या, दोन माईक आणि मागे कंपनीच्या नावाचा फलक अशी मांडणी आता नेहमीची झाली आहे. मराठीत थिंक बँक, मित्रम्हणे, अमुक तमुक यांसारख्या कार्यक्रमांनी तासभर ऐकणारा श्रोता तयार केला, त्याचाही हा परिणाम आहे. प्रश्न असा की, या दोन खुर्च्यांमधून धंदा वाढतो का? माझे उत्तर असे आहे की वाढू शकतो, पण आज आपण ज्या पद्धतीने बोलत आहोत त्या पद्धतीने नाही.

आधी हे माध्यम आपल्याला का लागते ते पाहू. अमेरिकेतून आणि बडोद्याहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. अर्थशास्त्राचे त्यांच्या तोडीचे शिक्षण त्या काळी शहरात कितीजणांकडे असेल? सल्ला चांगला होता, गिऱ्हाईकही येऊ लागले होते. मालक अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक थांबले. पुढे 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. या दोन घटना नेहमी वेगवेगळ्या सांगितल्या जातात. धंद्याच्या नजरेने पाहिले तर ती एकच घटना आहे. माल उत्तम असूनही विश्वास मिळत नाही आणि विश्वास मिळवण्यासाठी जाहिरात करायची तर जागा मिळत नाही.

शंभर वर्षांनंतर जाहिरातीच्या जागेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे, विश्वासाचा सुटलेला नाही. आजही इमारतीच्या वायरिंगचे, लग्नाच्या जेवणाचे, हिशेब तपासण्याचे काम ओळखीने मिळते. ‘आपला माणूस आहे, चांगलं काम करतो’ हे एक वाक्य दहा फ्लेक्सना भारी पडते. ज्यांच्या मागे चार पिढ्यांची पेढी, बाजारपेठेत नातेवाईक आणि सोसायटीच्या कमिटीत मामा आहे त्यांना हे वाक्य फुकट मिळते. पहिल्या पिढीतल्या आपल्या कंत्राटदाराला ते कोण देणार? सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अनेकांना आठवत असेल. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित नावाच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. तो अभ्यास नोकरीचा होता. धंद्यात तर अर्जही नसतो, फोनच येत नाही.

सरकारी खरेदीवर विसंबावे, तर तिथली गत सर्वांना ठाऊक आहे. केंद्राच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून 4 टक्के खरेदीचे लक्ष्य आहे आणि प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षे त्याच्या खूप खाली राहिली आहे. त्या 4 टक्क्यांसाठी भांडत राहिले पाहिजेच, पण दुकान तोवर खुल्या बाजारावर चालवावे लागते.

पॉडकास्टचा उपयोग इथे आहे. ओळख नसलेल्या माणसाला आठवड्यातून वीस मिनिटे तुमचा आवाज ऐकता येतो. महिन्या-दोन महिन्यांत त्याला वाटू लागते की हा माणूस आपल्याला माहीत आहे, याला त्याच्या कामातले कळते आणि हा खोटे बोलत नाही. जाहिरात हे करू शकत नाही, कारण जाहिरात ऐकताना माणूस सावध असतो.

मात्र आपले बहुतेक पॉडकास्ट काय ऐकवतात? वडील मजूर होते, शिकताना उपाशी राहिलो, बँकेने कर्ज नाकारले, तरी खचलो नाही, बाबासाहेबांच्या प्रेरणेने उभा राहिलो. या कहाण्या खऱ्या आहेत, त्या नोंदल्या गेल्याच पाहिजेत आणि तरुणांना त्यांतून बळ मिळते. परंतु ते ऐकून टाळ्या मिळतात, ऑर्डर मिळत नाही. कारण श्रोता आपलाच असतो आणि त्याला त्या वेळी काही विकत घ्यायचे नसते. ज्याला घ्यायचे असते त्याच्या डोक्यात तुमचा संघर्ष नसतो, त्याच्या डोक्यात त्याची स्वतःची अडचण असते.

समजा, नागपूरकडचा एक तरुण घरांच्या छतावर सोलर बसवण्याचे काम करतो. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. 3 किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते 78,000 आधी मिळतात की नंतर? (नंतर. संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतात. तोवरचे पैसे स्वतः किंवा कर्जाने भरावे लागतात.) पॅनल देशी बनावटीचेच लागतात का? अनुदान हवे असेल तर हो. बसवणारा पोर्टलवर नोंदणीकृत आहे की नाही हे कुठे बघायचे? शेजारी तीन मजली घर उभे राहिले आणि दुपारी चारनंतर सावली पडू लागली तर वीज किती घटेल? पत्र्याच्या छतावर बसते का? माकडे येतात तिथे काय करायचे? नेट मीटरसाठी महावितरणच्या कार्यालयात कोणता कागद अडतो?

यातल्या प्रत्येक प्रश्नाचा एक भाग होतो. हे प्रश्न त्या तरुणाला शोधावे लागत नाहीत, रोज फोनवर तो त्यांचीच उत्तरे देतो. ती एकदा नीट रेकॉर्ड केली की पुढच्या गिऱ्हाइकाला कोटेशनसोबत लिंक पाठवता येते. माझ्या मते छोट्या धंद्याच्या पॉडकास्टचा सर्वात मोठा आणि सर्वात दुर्लक्षित उपयोग हाच आहे. तो नवे गिऱ्हाईक आणतोच असे नाही, पण दारात आलेले गिऱ्हाईक तो टिकवतो. तीन कोटेशन हातात घेऊन बसलेल्या माणसाने त्यातल्या एकाचा आवाज आधी ऐकलेला असतो. आणखी एक बाब म्हणजे, ‘तुमच्या छतावर सोलर बसवू नका’ हे कुठल्या घरांना सांगावे यावर एक भाग जरूर करावा. जो धंदा नाकारतो त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

या माध्यमाच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या मोठमोठ्या यशकथांपासून मात्र सावध राहावे. गॅरी वायनरचक हे अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील दारूच्या दुकानदाराचे चिरंजीव. (पाचवे शील पाळणाऱ्या वाचकांनी दुकानाकडे नव्हे, हिशेबाकडे पाहावे.) 2006 मध्ये त्यांनी इंटरनेटवर वाइनची चव सांगणारा रोजचा कार्यक्रम सुरू केला आणि ते जगप्रसिद्ध झाले. बापाचा 30 लाख डॉलरचा धंदा मुलाने 6 कोटी डॉलरवर नेला, असे मार्केटिंगचे प्रशिक्षक सांगतात. पण ती वाढ मुख्यतः कार्यक्रमाच्या आधीची होती. ऑनलाइन विक्री, ईमेल आणि कमी भाव यांनी ती झाली होती. कार्यक्रमाने नाव झाले, कारण दाखवायला चालणारे दुकान आधीच होते. माल वेळेवर न पोहोचवणाऱ्या माणसाने माईक घेतला तर त्याच्या तक्रारीच अधिक दूर ऐकू जातील.

आता भाषेविषयी, कारण इथे आपले लोक सर्वात जास्त अडखळतात. फोनवर झकास वऱ्हाडीत समजावणारा माणूस रेकॉर्डिंग सुरू झाले की एकदम ‘सदर योजनेच्या अनुषंगाने’ बोलू लागतो. ही भीती कुठून येते हे आपल्याला माहीत आहे. शाळेत कुणाची बोली हसण्यावारी नेली गेली आणि कुणाची प्रमाण ठरली, त्याचा तो उरलेला धाक आहे. पण ज्या छतावर चढायचे आहे ते वर्धा-यवतमाळचे असेल तर तिथली बोली हेच भांडवल आहे. पुण्याच्या निवेदकाला ती पैसे देऊनही मिळणार नाही. मराठवाड्याच्या, खानदेशाच्या, कोकणाच्या बोलीबाबतही तेच. शब्द नेमका असला की पुरे.

भाषेहून अवघड प्रश्न नावाचा आहे. दुकानाच्या पाटीवर आडनाव न लिहिणारे, एखाद्या देवाचे नाव देऊन वेळ निभावणारे व्यावसायिक आपल्यात आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार सुरक्षित नोकरीत असलेल्यांना नाही. दलित उद्योजकांच्या मुलाखतींवर आधारलेले असीम प्रकाश यांचे ‘दलित कॅपिटल’ हे 2015 चे पुस्तक वाचले की बाजार जात किती बारकाईने विचारतो हे कळते. भाड्याच्या गाळ्यात, एकाच गावाच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्याचे गणित वेगळे असते. परंतु पॉडकास्ट करायचाच असेल तर नाव लपवून तो करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तीस भाग बोलणारा माणूस कधी ना कधी ओळखला जातोच. लपवले होते हे कळल्यावर विश्वास जातो, आणि तोच तर आपण कमवायला निघालो होतो. पूर्ण नाव सांगावे, ‘जय भीम’ म्हणायची सवय असेल तर म्हणावे आणि पुढच्याच वाक्यात नेट मीटरवर यावे. काही गिऱ्हाईक जातील. जे राहतील ते काम पाहून राहिलेले असतील आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा स्वतःला सिद्ध करत बसावे लागणार नाही. फक्त समाजातच विकायचे असेल तर विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काम भागते, एवढा खटाटोप लागत नाही.

खर्च फार नाही. चांगला स्मार्टफोन, हजार-दोन हजारांचा कॉलर माईक आणि पंखा बंद करता येईल अशी खोली. स्टुडिओच्या नादी लागू नये. सुरुवातीला भीमगीत लावण्याचा मोह मात्र टाळावा. गाणे आपल्या काळजाचे असले तरी ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असतात आणि यूट्यूब ते लगेच पकडते. मूळ फाइल स्वतःकडे आणि शक्यतो आरएसएस फीडवर ठेवावी. जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झाले तेव्हा तिथे जमवलेले लोक एका रात्रीत गेले. गूगल पॉडकास्ट्स हे ॲपही 2024 मध्ये बंद झाले, पण ज्यांची फीड स्वतःची होती त्यांचे कार्यक्रम दुसऱ्या ॲपवर सुरू राहिले. गिऱ्हाइकांचे फोन नंबर वहीत असावेत, ॲपच्या भरवशावर नसावेत.

‘तुमची मुलाखत घेतो, इतके हजार द्या, सोबत सन्मानचिन्ह देतो’ असे फोनही येऊ लागले आहेत. तिथे पैसे घालण्यापेक्षा स्वतःचे दहा भाग काढावेत. पैसे घेऊन केलेली स्तुती ही जाहिरात असते आणि ती तशी जाहीर करावी, असे केंद्राच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काढे, तेले, चूर्णे विकणाऱ्या बंधू-भगिनींनी तर अधिक जपावे. मधुमेह ‘बरा होतो’ असा दावा जाहिरातीत करणे 1954 च्या कायद्यापासून गुन्हा आहे आणि गप्पांच्या ओघात तोंडून निघालेले वाक्यही रेकॉर्डवर राहते.

आकड्यांनी निराश होऊ नये. पहिल्या भागाला साठ-सत्तर ऐकणारे मिळतील आणि घरचे हसतील. विहारात रविवारी सत्तर माणसे वीस मिनिटे शांत बसून तुमच्या धंद्याविषयी ऐकतात, असे डोळ्यांसमोर आणा. त्यातल्या दोघांना या वर्षी छतावर सोलर बसवायचे असेल तर भाग वसूल झाला. किती जणांनी पाहिले हे मोजण्यापेक्षा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याविषयी कुठून कळलं?’ एवढे विचारावे आणि ऑर्डरच्या वहीत त्याच ओळीत लिहून ठेवावे. सहा महिने, बारा-पंधरा भाग झाले आणि त्या रकान्यात पॉडकास्टचे नाव एकदाही आले नाही, कोटेशनसोबत पाठवलेल्या लिंकचाही कुणी उल्लेख केला नाही, तर माईक पेटीत ठेवून तो वेळ जुन्या गिऱ्हाइकांकडे चक्कर मारण्यात घालवावा.