रस्त्यावरील यांत्रिक पहारेकरी

सांप्रत मोठमोठ्या शहरांच्या चौकांत पोलिसाच्या शिटीच्या जोडीस वाहनांची चाहूल घेणारीं यंत्रें काम करूं लागलीं आहेत. हीं कितपत विश्वासू आहेत, हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा नव्हे. ज्यांचीं मुलें सायकलीनें शाळेस जातात व ज्यांचे वृद्ध वडील पायीं फिरावयास निघतात, अशा प्रत्येक कुटुंबाचा तो आहे.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं १९२८ सालीं चार्ल्स ॲडलर यांनीं असा दिवा बसविला कीं, मोटारवाल्यानें भोंगा वाजवितांच त्या आवाजानें दिवा बदलून त्यास वाट मिळे. पुढें १९६० नंतर रस्त्यांत पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याचा प्रसार झाला. या वेटोळ्यांतून उलटसुलट विद्युत्प्रवाह खेळत असतो. वर धातूचें वाहन आलें कीं चुंबकीय क्षेत्रांत फरक पडून यंत्रास वर्दी पोंचते. पाऊस वा काळोख यांची त्यास फारशी बाधा नाहीं. पण रस्ता फुटला कीं तारही तुटते. शिवाय मोटारीच्या मानानें सायकलींत धातु तो किती! तिची दखल पुष्कळदां घेतलीच जात नाहीं. कॅमेरा पुष्कळ कांहीं टिपतो, परंतु धुकें, सावल्या व रात्रीचे झगझगीत दिवे त्यास फसवितात. रडारास पावसाचें भय थोडें. तथापि केवळ गति ओळखणाऱ्या रडारास उभें वाहन दिसत नाहीं.

मग पारख कशी करावी? नुसत्या बेरजेवर विसंबूं नये. शंभरांपैकीं दहा वाहनें सुटलीं आणि नसलेलीं दहा मोजलीं गेलीं, तर बेरीज शंभरच भरते! म्हणून माणसानें डोळ्यांदेखत केलेल्या नोंदीशीं एकेक वाहन ताडून पाहावें. आणि तेंही भर पावसांत, रात्रीं, व मोटारी, रिक्षा, सायकली यांच्या आपल्याकडील सरमिसळींत.

२०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत पादचारी सुमारें एकपंचमांश होते, तर मोटारसायकली व स्कूटर यांवरील लोक त्यांच्या दुपटीहून अधिक. यंत्रास जो दिसत नाहीं तो हिशेबांत येत नाहीं, आणि जो हिशेबांत नाहीं त्याच्यासाठीं दिवाही थांबत नाहीं. घरची वडीलधारी बाई पंगत उठतांना किती पानें झालीं हें विचारीत नाहीं. जेवावयाचें कोण राहिलें, हें विचारते. या यंत्रांची परीक्षाही त्याच प्रश्नानें व्हावी, असें आमचें मत आहे.