आधी धार, मग दाढी

घडीचा वस्तरा घेऊन घरच्या घरी दाढी करायला शिकण्याची हौस अलीकडे पुन्हा डोकं वर काढते आहे. हौसेला मोल नसतं, तेव्हा तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण नवशिक्याचं सगळं लक्ष असतं ते हाताकडे. वस्तरा धरायचा कसा, किती तिरका ठेवायचा, हनुवटीच्या वळणावर काय करायचं आणि मुख्य म्हणजे गळ्याला लागलं तर? माझ्या मते ही काळजी भलत्या जागी आहे. वस्तरा शिकणं म्हणजे मुख्यतः धार राखायला शिकणं. हात त्या मानाने लवकर बसतो. धार ज्याला कळली नाही, त्याचा हात कितीही स्थिर असो, गाल सोलवटून निघतोच.

याला इतिहासात चांगला पुरावा आहे. जखमेच्या भीतीवरचा उतारा फार जुना आहे. पॅरिसमधले चाकू-सुऱ्यांचे कारागीर ज्याँ-जाक पेरे यांनी १७६९च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि पात्याला लाकडाची आड बसवून जखम टाळणारा वस्तराही सुचवला. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या केम्फ बंधूंनी धारेपुढे आड असलेल्या रेझरचं पेटंट घेतलं. भीती हाच खरा अडसर असता, तर वस्तरा तेव्हाच अडगळीत जायला हवा होता. तो गेला नाही, कारण केम्फ यांच्या रेझरचं पातंही पट्ट्यावर घासावं लागे, दगडावर लावावं लागे. किंग कॅम्प जिलेट यांनी आपल्या शोधाची हकिकत सांगून ठेवली आहे. १८९५ मधल्या एका सकाळी त्यांचा वस्तरा इतका बोथट झाला होता की पट्ट्याने भागेना. तो न्हाव्याकडे नाहीतर कारागिराकडे न्यावा लागणार होता. त्या वैतागातून वापरून फेकून द्यायच्या पातळ पात्याची कल्पना निघाली. १९०३ मध्ये त्यांच्या कंपनीचे अवघे ५१ रेझर खपले, पुढच्या वर्षी आकडा नव्वद हजारांच्या घरात गेला. सुरक्षितता आधीही विकत मिळत होती. लोकांनी पैसे मोजले ते धार लावण्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी.

आपल्याकडच्या न्हाव्याची धोकटी उघडली तरी हेच दिसायचं. कैची, नराणी, वाटी यांच्या बरोबरीने दगड आणि चामड्याचा पट्टा असायचाच, आणि गिऱ्हाईक समोर बसलं की वस्तरा आधी पट्ट्यावर, नाहीतर सरळ तळहातावर फिरायचा. वस्तऱ्याची पाठ जाड असते तीही धारेसाठीच. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून पातं सपाट ठेवलं की धारेचा कोन आपोआप बरोबर येतो. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पातं पाठीवरून उलटवायचं, धारेवरून कधीही नाही. तसं केलं की पट्टा चिरलाच म्हणून समजा. पट्टा सैल धरला तर चामडं धारेला लपेटतं, तिची कड गोलावते आणि माणूस धार करायला बसून बोथट करून उठतो. म्हणून लोण्याची सुरी हातात घेऊन पट्ट्यावर ही उलटापालट आधी गिरवावी, हा सल्ला शहाणपणाचा आहे. चेहऱ्याची पाळी त्यानंतर. गरम पाण्याने केस मऊ करायचे, मोकळ्या हाताने कातडी ताणायची, पातं गालाशी साधारण ३० अंशांवर ठेवून केसांच्या दिशेने आणायचं आणि सुरुवात कल्ल्याखालच्या सपाट गालापासून करायची. आडवं सरकवायचं नाही, जखमा होतात त्या तिथे. हनुवटी आणि ओठावरची जागा काही दिवस नेहमीच्या रेझरवर सोडली तर काही बिघडत नाही.

कोणी म्हणेल, धारदार वस्तरा नवख्याच्या हातात देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण बोथट विळीखाली टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो. बोथट वस्तऱ्याचंही तसंच. केस कापला जात नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि त्या जोरानेच कातडी फाटते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सलूनमध्ये मिळतो तसा अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा घ्यावा, धारेची भानगडच नको. एचआयव्ही आणि कावीळ पसरवणारे हिपॅटायटिसचे विषाणू लक्षात घेता सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हेच योग्य, त्यात शंका नाही. घरीही हात बसवायला तो ठीक आहे, फक्त त्याचं पातळ पातं चुकीला जराही माफी देत नाही. मात्र तो वापरणाऱ्याने आपण जुनी कला शिकलो असं म्हणू नये. धार जिलेटच्याच वाटेने विकत घेतलेली आहे.

उरला बचतीचा आणि कचरा टाळण्याचा मुद्दा. कचरा कमी होतो हे खरं, पण ‘एकदा घेतला की जन्माची ददात मिटली’ ही विक्रेत्याची भाषा आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं, की पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असलेला केससुद्धा पात्याच्या कडेचा टवका काढू शकतो. केस वाकतो, पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसते आणि नेमक्या कच्च्या जागी टवका उडतो. तो अभ्यास फेकून द्यायच्या पात्यांवरचा होता, पण केस सगळीकडे केसच. त्यात आपल्याकडचा पावसाळा. कार्बन पोलादाचा वस्तरा पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवला नाही, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत पाहता पाहता गंज धरतो.

तेव्हा वस्तरा घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न धार कोणी लावली हा विचारा. नव्या वस्तऱ्याला कारखान्यातून दाढीजोगी धार येतेच असं नाही. पट्टा त्याच दिवशी घ्या. जवळपास दगड-पट्टा जाणणारा जुना कारागीर असेल, तर त्याच्याकडे शिका आणि शिकवणीचे पैसे द्या, फुकट विचारू नका. रोज सकाळी पट्ट्याला वेळ द्यायचा नसेल, तर दुधारी ब्लेडचा साधा रेझर वापरा. दाढी त्यानेही उत्तम होते.