यंत्राला अनुदान, कोयत्याला काय?

कामाचं भविष्य म्हटलं की चर्चा पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्यांकडे जाते. घरून काम, एआय, गेलेल्या नोकऱ्या. मी आष्टीत राहतो, उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या बीड जिल्ह्यात हाच प्रश्न ऊसतोडणीच्या यंत्राच्या, म्हणजे हार्वेस्टरच्या रूपाने आला आहे.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉपवाल्यांचं काम घरी आलं. आमचे ऊसतोड मजूर मात्र कारखान्यांच्या हद्दीत कोप्यांमध्ये अडकले. गावी परतायची परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उजाडला. घरून काम हा पर्याय त्यांना कधी नव्हताच. त्यांचं घरच दर हंगामाला कामावर जातं. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. वर्गातली काही मुलंही त्यांच्याबरोबर जातात.

आता हिशेब पाहा. एक जोडपं दिवसभरात साधारण दीड-दोन टन ऊस तोडून मोळ्या बांधतं. हार्वेस्टर दिवसाला शंभर टनांच्या आसपास तोडतो. म्हणजे एक यंत्र आलं की पन्नास कोयते, शंभर माणसं बाजूला. लहान तुकडा, अरुंद सरी, ओलं रान असेल तिथे यंत्र चालत नाही, म्हणून कोयता एका हंगामात संपणार नाही. पण दिशा ठरली आहे. २०२३ मध्ये राज्यात ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान योजना आली. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. यंत्र घेणाऱ्याचा विचार झाला. त्या यंत्रामुळे रिकाम्या होणाऱ्या शंभर हातांचं काय, याचं उत्तर त्या योजनेत नाही.

कोयता टिकावा असं मला वाटत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. असं काम यंत्राने केलं तर बरंच. माझा आक्षेप यंत्राचा नफा एकाच्या पदरात आणि त्याची झळ दुसऱ्याच्या, या वाटणीला आहे.

उर्दूवाल्यांनी ही वाटणी पाहिलेली आहे. एके काळी उर्दू वर्तमानपत्राची प्रत्येक ओळ कातिब हाताने लिहायचा. १९८१ मध्ये संगणकावर नूरी नस्तालीक आलं, १९९४ मध्ये इनपेज आलं, आणि काही वर्षांत कातिबांच्या बैठका रिकाम्या झाल्या. उर्दूचा फायदाच झाला, छपाई सोपी झाली. पण आयुष्यभराचं हुनर एका फाँटात गेलं, त्याची भरपाई कातिबाला कुणी दिली नाही. जे संगणकावर बसायला शिकले ते तरले. बाकीच्यांनी पत्रिका आणि पाट्या लिहून दिवस काढले. पिंजाऱ्यांचंही तेच झालं.

आपल्यातले काही म्हणतात, हा ऊसतोडवाल्यांचा प्रश्न, आपली माणसं गॅरेजात, भाजी-फळांच्या गाड्यावर. असं म्हणणाऱ्यांनी दसऱ्याच्या आधी बाजारात एक चक्कर मारावी. कपडे, भांडी, ताडपत्री, कोयत्याची धार, सगळं उचलीच्या पैशावर चालतं. उन्हाळ्यात लोक परतले की दुकानांची उधारी फिटते. कोयता बंद झाला तर आपल्या वहीतली बाकीही तशीच राहील. शिवाय कोयता घेऊन जाणाऱ्यांत आपलीही घरं आहेत.

मग करायचं काय? नवा पैसा शोधायची गरज नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलेलं आहे. हा निधी कोयत्यांच्या संख्येवर नाही, उसाच्या वजनावर आहे. ऊस यंत्राने तोडला तरी दहा रुपये द्यावेच लागतात. म्हणून यंत्राने तोडलेल्या उसाचा हिस्सा वेगळा काढा आणि ज्यांचा कोयता गेला त्यांच्यावरच खर्च करा.

दुसरं, सरकारी अनुदानाच्या यंत्रावर चालक, मदतनीस, दुरुस्तीवाला लागतो. ती माणसं ऊसतोड कुटुंबांतली असावीत ही अट घाला आणि त्याचं शिक्षण जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये द्या. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावावर करा. कोयता जोडप्याचा असला तरी उचल आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर असतो. उद्या यंत्रावर नवरा चालक म्हणून लागेलही, पण बायकोचं काम गेलं याची नोंदसुद्धा कुठे राहणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले. संघटनांनी भांडून मिळवलेली वाढ, चांगलीच गोष्ट. पण दर कितीही वाढला तरी तो तोडलेल्या टनावर मिळतो. तोडायला ऊसच उरला नाही तर त्या दराचा उपयोग नाही. संघटना आणि कारखाने पुन्हा बोलणीला बसतील तेव्हा दराच्या जोडीला यंत्राचा विषयही टेबलावर हवा. आणि आपल्या मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी त्या मागणीच्या पाठीशी उभं राहायला हवं.