सही करायच्या आधी...

आमच्या ऑफिसात एखादा डेटाबेस बदलायचा म्हटलं तरी चार मीटिंगा होतात. पर्याय किती, रिस्क काय, रोलबॅक कसा करायचा, सगळं एक्सेलमध्ये. आणि हीच मंडळी घरच्या माणसाच्या हृदयाचा निर्णय कॅथलॅबच्या दारात उभ्या उभ्या दहा मिनिटांत घेऊन मोकळी होतात. का, तर डॉक्टर म्हणाले म्हणून. बायपासला रोलबॅक नसतो राव!

एक गोष्ट आधीच सांगतो. हार्ट अटॅक चालू असेल तर यातलं काहीही लागू नाही. तिथे एकेक मिनिट मोलाचं, प्रश्न विचारत बसू नका. मी बोलतोय स्थिर पेशंटबद्दल. जिना चढताना छाती भरून येते, स्ट्रेस टेस्ट बिघडलीय, म्हणून स्वतःच्या पायांनी चालत अँजिओग्राफीला आलेला माणूस.

माझे काका असेच गेले होते. वय ६८, पंधरा वर्षांचा डायबिटीस. अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले. "तीन ब्लॉक आहेत, एक नव्वद टक्के. टाइम बॉम्ब आहे हा. आत्ता दोन स्टेंट टाकून घेऊ, नाहीतर उद्या बायपास. लगेच सांगा." काकूच्या हातात फॉर्म. आणि काका? आत टेबलावर, टक्क जागे. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं! (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. असे अनुभव इतके ऐकलेत की एकाचंच नाव घेण्यात अर्थ नाही.)

आता हा टाइम बॉम्ब तपासू. २०२० साली इस्किमिया नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५,१७९ स्थिर पेशंट. एका गटाला औषधांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्याला आधी फक्त औषधं, त्यांनी भागलं नाही तरच पुढचं. तीनेक वर्षांनी मृत्यू आणि हार्ट अटॅकमध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. छातीचं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं. मुख्य डाव्या धमनीत मोठा ब्लॉक असलेले किंवा हृदयाचं पंपिंग फारच कमी असलेले पेशंट यात नव्हते, हेही लक्षात ठेवा. त्यांच्या बाबतीत उगाच वेळ काढू नये. पण बाकी बहुतेकांकडे चार दिवस विचार करायला असतात.

म्हणजे मी बायपासच्या विरोधात आहे का? अजिबात नाही. उलट काकांसारख्या केसमध्ये घाईघाईने टाकलेला स्टेंटच चुकीचा ठरू शकतो. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात एकापेक्षा जास्त धमन्यांत ब्लॉक असलेले १,९०० डायबिटीसवाले होते. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेले स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के, बायपासवाल्यांत १८.७. पण नुसता पक्षाघात बघितला तर बायपासमध्ये जास्त: ५.२ विरुद्ध २.४. हा असा सौदा आहे, आणि तो ज्याच्या शरीरावर होणार त्याला समजावून सांगायला दहा मिनिटं पुरत नाहीत.

बरं, कायदा काय म्हणतो? २००८ साली समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं, की तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे. आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर सज्ञान, सक्षम पेशंटच्या ऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही. त्या केसमध्ये सही पेशंटच्या आईची होती. तरीही आपल्याकडे "बाबांना सांगू नका, घाबरतील" हे अजून चालूच. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं, त्याला स्वतःची छाती उघडायची की नाही हे विचारायचं नाही?

आम्ही सीडी मागून घेतली आणि काकांना घरी आणलं. दुसऱ्या ठिकाणी एक कार्डिओलॉजिस्ट आणि एक सर्जन, दोघांना एकत्र भेटलो. (गुंतागुंतीच्या केसमध्ये दोघांनी मिळून ठरवावं, असं युरोपच्या २०१० च्या आणि अमेरिकेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आपण काही जगावेगळं मागत नाही.) काकांनी स्वतः प्रश्न विचारले, दोन रात्री विचार केला आणि म्हणाले, "करू या." नवव्या दिवशी बायपास झाली.

तेव्हा विचारायचं ते एवढंच. ब्लॉक कुठल्या धमनीत आहे? नुसते टक्के सांगू नका. पंपिंग किती आहे? औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन पाहिली का? ऑपरेशनने आयुष्य वाढणार की फक्त दुखणं कमी होणार? याच पेशंटला धोका किती? आठवडाभर थांबलो तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडतो, त्याच्याकडून सीडी घ्या आणि निघा.

आणि हो, "ऑपरेशनशिवाय ब्लॉक साफ" वाल्यांकडेही हेच प्रश्न घेऊन जा. तिथे तर उत्तरंच मिळणार नाहीत. सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या चिलेशनचा डायबिटीसवाल्या हार्ट पेशंटना फायदा होत नाही, हे २०२४ च्या टॅक्ट-२ अभ्यासात दिसलंय.

सोमवारी त्या डेटाबेसवर पाचवी मीटिंग आहे. असो.