ससूनची गर्दी तालुक्यातच सुरू होते

‘पेशंटला ससूनला हलवा,’ असं तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं की घरच्यांपुढे तीन प्रश्न उभे राहतात. गाडी कुठली, पैसे किती आणि तिथं ओळखीचं कोण? गाडीसाठी 108 आहे. ओळख नसली तरी चालतं. खरा गोंधळ होतो तो पैशांचा आणि कागदांचा.

पुणे स्टेशनजवळचं हे रुग्णालय 1867 पासून सुरू आहे. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभं राहिलं. जानेवारी 1924 मध्ये येरवडा तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथंच झालं. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ते पूर्ण केलं गेलं. 1946 पासून बी. जे. मेडिकल कॉलेज याला जोडलेलं आहे.

इथं पैसे का लागतात?

गोंधळाचं मूळ या कॉलेजात आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात सरकारी उपचार मोफत झाले. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा होता. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं आणि मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. त्यामुळे गावाकडं फुकट झालेल्या तपासणीची पुण्यात पावती फाडावी लागली की माणूस चक्रावतो, कुणी लुबाडतंय असं त्याला वाटतं.

यावर उपाय म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. जुलै 2024 पासून रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र आजार योजनेच्या यादीत असावा लागतो. रेशनकार्ड, आधार आणि तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दाखल होतानाच आरोग्यमित्राला गाठायचं. बिल भरल्यावर जाऊन उपयोग होत नाही. चौकशीसाठी 155388 हा नंबर आहे. बाळंतपण सरकारी दवाखान्यात मोफतच असतं, त्याला या योजनेची वाट बघावी लागत नाही.

मूळ दुखणं तालुक्याचं

कागद नीट असले तरी प्रश्न संपत नाही. ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचं. तिथं भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही. मग इंदापूर, जुन्नरची बाई कळा देत पुण्याची वाट धरते. सोबतच्या दोघांची मजुरी बुडते, जेवणाखाणाचा खर्च वेगळा. तिकडं ससूनमध्ये तीच खाट एखाद्या गंभीर अपघाताच्या पेशंटला कमी पडते.

ससूनमध्ये अनेक वर्षं रखडलेली 11 मजली इमारत कोरोनात, एप्रिल 2020 मध्ये घाईनं सुरू झाली. पण पुण्यात मजले वाढवून तालुक्याची उणीव भरून निघत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. आपल्याकडं भूलतज्ज्ञ आहे का, नसेल तर जागा कधीपासून रिकामी आहे, हे गावकऱ्यांनी तिथं विचारायला हवं. तेही रात्री गाडी शोधायची वेळ यायच्या आत.